‘आईला शॉक द्यायचे नाहीत’

प्रश्न : सासूबाई 62 वर्षांच्या आहेत. दोन महिने तीव्र नैराश्य, आता आठवडाभर जेवणही जवळजवळ बंद. डॉक्टरांनी ईसीटी (मेंदूला विजेचा झटका देण्याचा उपचार) सुचवली. धाकटे भाऊजी चिडले, ‘आईला ठाण्याला पाठवायचंय का? शॉक द्यायचे नाहीत!’ त्यांना कसं समजावू? – एक वाचक, भांडुप

उत्तर : भाऊजींची भीती अगदीच निराधार नाही. 1938 मध्ये रोममध्ये हा उपचार सुरू झाला तेव्हा भूल देत नसत, आकडीच्या झटक्यांनी हाडंही मोडत. आज भूल आणि स्नायू सैल करणाऱ्या औषधाशिवाय ईसीटी द्यायला 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंदी आहे. त्यासाठी ठाण्याला जावं लागतं असंही नाही. सर्वसाधारण रुग्णालयांतही ती देतात. सासूबाईंना समजून निर्णय घेता येत असेल तर संमती त्यांचीच लागते, म्हणून आधी त्यांच्याशी बोला. घाई एवढ्यासाठी की गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि अन्न सोडलेल्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो.

भाऊजींना ‘काही होत नाही हो’ असं मात्र सांगू नका. त्या दिवशी काय घडतं ते सांगा.

आदल्या दिवशी न्हायचं, तेल लावायचं नाही. तेलकट त्वचेवर इलेक्ट्रोडचा संपर्क नीट होत नाही. किमान सहा तास पोट रिकामं हवं. दुधाचा चहासुद्धा चालत नाही, कारण भुलेत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाऊ शकते. ‘घोटभर चहाने काय होतंय’ म्हणत घरचेच इथे चुकतात. कवळी काढायची, हलणारा दात असेल तर सांगायचं. रक्तदाबाच्या नि मधुमेहाच्या गोळ्यांचं काय, हे भूलतज्ज्ञांना विचारा.

भूल चढली की स्नायू सैल करणारं औषध, प्राणवायू, दातांमध्ये रबरी गार्ड. मग काही सेकंद वीज. तिने मेंदूत आकडी येते, साधारण 20 सेकंद ते एक मिनिट, आणि उपचार होतो तो त्या आकडीने. शरीर फारसं हलत नाही. एका पायाला आधीच पट्टा आवळून ठेवतात. औषध तिथवर पोचत नाही, म्हणून पाऊल थरथरतं आणि डॉक्टरांना आकडी दिसते. रुग्ण झोपेतच असतो.

जागं झाल्यावर थोडा वेळ गोंधळ, डोकेदुखी, अंगदुखी. आठवड्याला दोन-तीन, अशा बहुधा 6 ते 12 बैठका. त्या काळात विसरायला होतं. नवं लक्षात ठेवणं काही आठवड्यांत सुधारतं; पण उपचाराच्या आसपासच्या काही आठवणी कायमच्या जाऊ शकतात. हे आधीच सांगा. लपवलंत, तर सासूबाई पहिल्यांदा काही विसरतील त्या दिवशी भाऊजी उपचार थांबवतील.

बैठकीनंतर 24 तास त्यांना एकटं लोकलने सोडू नका. बँकेचे व्यवहार, गोळ्यांच्या वेळा आधीच वहीत उतरवा. बैठका संपल्यावरही गोळ्या चालूच ठेवायच्या. बंद केल्या की आजार उलटायचा धोका मोठा असतो. मध्येच त्यांनी जीव देण्याचं काही बोलून दाखवलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता थेट रुग्णालयात न्या. सल्ल्यासाठी टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416.