तुमचे प्रश्न: मूळ गाणं एकाचं, गाजलं दुसऱ्याचं?

प्रश्न: दादा, इथे रामबागेत आम्ही मित्र संध्याकाळी जुनं इंग्लिश म्युझिक ऐकतो, परवा जोरदार वाद झाला, 'टुटी फ्रुटी' हे गाणं मूळ काळ्या लिटल रिचर्डचं, मग गोऱ्या पॅट बूनचं चार्टवर त्याच्या वर कसं गेलं? – एक वाचक, इंदूर

उत्तर: अहो, गाण्याचा दोष नाहीच, रिचर्डचं १९५५ चं रेकॉर्ड आजही अंगावर येतं, पण अमेरिकेतली कित्येक गोरी रेडिओ स्टेशनं काळ्या गायकांना लावायचीच नाहीत, मग कंपन्या तेच गाणं गोऱ्याकडून गुळगुळीत करून गाऊन घ्यायच्या आणि ते दिवसभर वाजायचं. चार्ट छापणाऱ्या 'बिलबोर्ड' मासिकात तर १९४९ पर्यंत काळ्यांच्या गाण्यांची यादी 'रेस रेकॉर्ड्स' म्हणून वेगळीच छापायचे.

पैशाचं तर विचारूच नका. चक बेरी या काळ्या गायकाच्या 'मेबलीन' गाण्यावर लेखक म्हणून रेडिओवाल्या ॲलन फ्रीडचंही नाव घातलं, का तर त्याने ते भरपूर वाजवावं, आणि बेरीला पूर्ण श्रेय परत मिळायला १९८६ उजाडलं, मला याचा अजून राग येतो. पण याच फ्रीडच्या टीव्ही शोमध्ये १९५७ साली फ्रँकी लायमन हा काळा पोरगा एका गोऱ्या मुलीबरोबर नाचला, नुसता नाचला हो, तर अमेरिकेच्या दक्षिणेतली स्टेशनं खवळली आणि शोच बंद पडला.

आता एक करा, बिग मामा थॉर्नटन या काळ्या गायिकेचं १९५३ चं 'हाउंड डॉग' लावा, आर अँड बी म्हणजे काळ्यांच्या गाण्यांच्या चार्टवर सात आठवडे एक नंबरला होतं ते, गोऱ्या एल्विसचं १९५६ चं तेच गाणं त्यानंतर ऐका.