सगळेच हसत होते, मग मी एकटाच का?

"मॅडम, सगळेच हसत होते हो. मग नोटीस मला एकट्यालाच का?"

मी नाशकात समुपदेशक आहे आणि हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून इतक्यांदा ऐकलाय की आता समोरचा नुसता 'मॅडम, सगळेच' एवढं म्हणला तरी पुढचं मला कळतं. कधी अंबड एमआयडीसीतला ऑपरेटर असतो, कधी हॉस्पिटलमधली सिस्टर, मागे एकदा बँकेतले चांगले पन्नाशीचे गृहस्थ होते, त्यांनी गंमत म्हणून सहकाऱ्याचा डबा लपवला आणि त्या सहकाऱ्याला नेमकी शुगर. मस्करीची कुस्करी झाली की मग खापर फोडायला डोकं शोधायचं, ठरलेलं आहे. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं. खाली जे सांगतेय ते एका मुलाचं आहे, त्याला विचारून लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय आणि सात-आठ भेटींतलं जेवढं कामाचं तेवढंच घेतलंय.

त्याला सागर म्हणू. वय 29, सातपूरला एका कारखान्यात स्टोअर्सला, पर्मनंट. जुन्या नाशकातला, घरी बायको आणि दोन वर्षांची मुलगी. बायकोनेच ओढत आणला होता, कारण हा रात्र रात्र जागा राहायचा आणि गॅलरीत फेऱ्या मारायचा.

प्रकार असा झाला. त्यांच्या लाइनला पेठ तालुक्यातला एक पोरगा होता, आयटीआय झालेला, कॉन्ट्रॅक्टवर. एमआयडीसीत काम केलेल्यांना सांगायला नको, पर्मनंट करायला लागू नये म्हणून 240 दिवस भरायच्या आत ब्रेक देतात आणि परत घेतात, त्या पोराला असे दोन ब्रेक झाले होते. त्यामुळे तो येता-जाता एकच विचारायचा, दादा, पर्मनंटचं काही कळलं का. एवढंच त्याचं चुकलं. सहा जणांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठरलं की याची फिरकी घ्यायची. सागरच्या कॉम्प्युटरवर लेटरहेडचा फॉरमॅट होता, त्याने पर्मनंट झाल्याचं पत्र टाइप केलं, एकाने शिक्का आणला, एकाने सही केली, आणि सही म्हणजे काय तर वळणदार अक्षरात 'येड्या' लिहिलं होतं. सुट्टीच्या आदल्या दिवशी साडेतीनला फर्स्ट शिफ्ट सुटताना खुद्द सुपरवायझरने ते पत्र त्याच्या हातात दिलं. पोरगा पाया पडला. सही कोण वाचतंय.

सुट्टीत तो गावाला गेला, आईने पाड्यावर साखर वाटली, येताना त्याने शोरूममध्ये पाच हजार भरून गाडी बुक केली. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी किलोभर पेढे घेऊन कामावर. सगळ्यांनी खाल्ले. साडेनऊच्या चहाला कुणीतरी म्हणलं, "अरे सही तरी वाच." एक जण मोबाइल धरून उभाच होता शूटिंगला.

पोराने पत्राची घडी घातली, खिशात ठेवली, शिफ्ट पूर्ण केली आणि दुसऱ्या दिवसापासून आला नाही. चार दिवसांनी त्याचा मामा पत्र घेऊन गेटवर उभा. मग एचआर, मग कॉम्प्युटर कुणाचा, मग सागर सस्पेंड, डोमेस्टिक इन्क्वायरी म्हणजे कंपनीची अंतर्गत चौकशी चालू, पहिले 90 दिवस निम्म्या पगारावर. बाकीचे पाच नामानिराळे. ग्रुप तर त्याच रात्री डिलीट झाला होता.

पहिल्या भेटीत मी जवळपास काही बोललेच नाही. तो एचआरला, सुपरवायझरला, मामाला, सगळ्यांना शिव्या घालत होता आणि मी पाणी पुढे करत होते. नवीन समुपदेशकांना मी नेहमी सांगते, राग उतरायच्या आधी शहाणपण सांगायला जाऊ नका, भिंतीवर डोकं आपटल्यासारखं होतं. दुसऱ्या भेटीत म्हणला, मॅडम तुम्ही मला 'तू' म्हणा, अहो-जाहोने इन्क्वायरीत बसल्यासारखं वाटतं. म्हटलं बरं.

"तो फार मनाला लावून घेतो मॅडम. आमच्यात हे चालतंच. रहाडीत नाही का ढकलत आम्ही एकमेकांना? कोण चिडतं?"

नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे रंगपंचमीला पेशवेकाळापासूनच्या रहाडी उघडतात, म्हणजे वर्षभर बुजवून ठेवलेले दगडी हौद, रंगाच्या पाण्याने भरायचे आणि त्यात धप्पा मारायचा. मला त्याचं उदाहरण खरंच आवडलं, कारण उत्तर त्यातच होतं.

"रहाडीवर येणारा कसा येतो रे?"

"कसा म्हणजे?"

"कुठले कपडे घालून?"

"जुने. खराब झाले तरी चालतील असे."

"आणि खिशातला मोबाइल?"

"घरी ठेवून येतो, नाहीतर कुणाकडे तरी देतो."

"तो पोरगा काय घालून आला होता?"

थोडा थांबला. "युनिफॉर्म."

एवढंच झालं त्या दिवशी. पुढे मी ताणलं नाही. पण कुणी मला विचारलं की थट्टा कुठे संपते आणि छळ कुठे सुरू होतो तर मी हेच विचारते, समोरचा भिजायच्या तयारीने आला होता का. आणि अजून एक, तो उलटून तुमची अशीच मस्करी करू शकला असता का? कॉन्ट्रॅक्टच्या पोराने सुपरवायझरला खोटं प्रमोशनचं पत्र दिलं असतं तर चालली असती का ती गंमत? पाणी उताराकडे वाहतं तशा या मस्कऱ्या पण वरून खालीच येतात, पर्मनंटकडून कॉन्ट्रॅक्टकडे, सिनियरकडून फ्रेशरकडे, खालून वर गेलेली मी तरी फारशी बघितली नाही.

(ज्यांना वाटतं की पत्रंबित्रं ठीक आहे, त्यात काय मेलं कुणी, त्यांनी हवेच्या नळीचं आठवावं. मार्च 2024 मध्ये बेंगळुरूत एका सर्व्हिस सेंटरमध्ये मित्राने मस्करीत मित्राच्या गुदद्वाराला हवेची नळी लावली आणि 24 वर्षांचा मुलगा गेला. कारखान्यातल्या हवेच्या लाइनला साधारण 6 बार प्रेशर असतं, कारच्या टायरच्या अडीच-तीन पट, आतडं फाटायला क्षणभर पुरतो. तिथेही आधी सगळे हसतच असणार. 1948 च्या कारखाना कायद्यात 111 वं कलमच होतं की कामगाराने मुद्दाम कुणाच्या जिवाला धोका होईल असं काही करायचं नाही, म्हणजे जबाबदारी फक्त मालकाची असं कायद्यानेही कधी म्हटलं नव्हतं.)

तिसऱ्या-चौथ्या भेटीत हिशोब सुरू झाला. सागरने चक्क बोटं मोजली. "सहा जण होतो. म्हणजे माझा सहावा हिस्सा. सुपरवायझरचा जास्त धरा, त्याने हातात दिलं. मग माझा अजून कमी."

आता इथे मला थोडं माझं तत्त्वज्ञान सांगू द्या. जबाबदारी म्हणजे गणपतीची वर्गणी नाही की माणसं वाढली की प्रत्येकाला कमी बसेल. पण डोकं आपलं तसंच चालतं. अमेरिकेत 1968 ला डार्ली आणि लॅटने या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता, दुसऱ्या खोलीत कुणाला फिट आल्याचा आवाज ऐकवायचा. ऐकणाऱ्याला वाटत होतं की आपण एकटेच ऐकतोय तेव्हा फिट संपायच्या आत 85 टक्के लोकांनी मदत मागितली, आणि अजून चार जण ऐकतायत असं वाटलं तेव्हा 31 टक्के. माणसं वाईट नव्हती, प्रत्येकाला वाटलं दुसरा कुणी उठेल. सातपूरला पण तेच झालं, सहाच्या सहा जणांना ठाऊक होतं आणि प्रत्येक जण दुसऱ्याने सांगायची वाट बघत होता. सुपरवायझर एक वाक्य बोलला असता तर विषय तिथेच संपला असता, म्हणून त्याची जबाबदारी मोठी हे मला मान्य आहे. लेटरहेड उघडं टाकणाऱ्या आणि पोरांना वर्षानुवर्षं ब्रेकवर झुलवणाऱ्या कंपनीची पण आहे, ती तर कुणी मोजतच नाही. पण त्यांची मोठी आहे म्हणून सागरची लहान होत नाही. प्रत्येकाची आपापली, अख्खी.

हे मी त्याला असंच सांगितलं असतं तर त्याने मान डोलावली असती आणि घरी जाऊन परत फेऱ्या मारल्या असत्या. त्याऐवजी मी एक कागद घेतला, वर लिहिलं दुपारी साडेतीन, खाली लिहिलं तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊ, आणि म्हटलं मध्ये किती तास झाले ते मोज.

"बेचाळीस."

"या बेचाळीस तासांत तू काय काय केलंस?"

घरी गेला, जेवला, मुलीला सोमेश्वरला फिरवून आणलं, मिसळ खाल्ली. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी पोराचा फोन पण आला होता, दादा गाडी बुक केली म्हणून.

"मग तू काय म्हणलास?"

"अभिनंदन म्हणलो." नजर खाली.

आणि मग मी एक प्रश्न विचारला जो खरं सांगते ठरवलेला नव्हता, पण सोळा वर्षं या खुर्चीत बसल्यावर कान तयार होतो, कुठे हात लावला की दुखेल ते कळतं.

"पेढे किती खाल्लेस?"

"अं?"

"किलोभर आणले होते ना. तू किती खाल्लेस?"

बराच वेळ गेला. खाली मेडिकलवाल्याचं शटर वाजलं, बाहेर रिक्षावाला कुणाशी तरी भांडत होता, मी घड्याळाकडे बघितलं नाही.

"दोन."

"दुसरा का घेतलास?"

"त्याने जबरदस्ती तोंडात घातला." आणि मग त्याचा आवाज गेला. "म्हणला, दादा तुम्ही अजून एक खाल्लाच पाहिजे, तुम्हीच शब्द टाकला असणार साहेबांकडे, मला माहितीये."

सागर ढसाढसा रडला. एवढा धिप्पाड माणूस. नोटीस आली तेव्हा रडला नव्हता, पगार निम्मा झाला तेव्हा नाही. मी टिश्यूचा बॉक्स सरकवला आणि गप्प बसले, कारण 'होतं असं, जाऊ दे' हे त्या क्षणी म्हणणं हा माझ्या मते गुन्हाच आहे. इतके दिवस तो एका टाइप केलेल्या कागदाची जबाबदारी सहा जणांत वाटत होता. तोंडातला पेढा कुणाला वाटून देणार?

माझा स्वतःचा एक समज पण त्या दिवशी सुटला. मला वाटायचं मस्करी म्हणजे एक क्षण असतो, हात गेला आणि झालं. बहुतेक वेळा तसं नसतंच. ती चालू असते, बेचाळीस तास चालू असते, आणि थांबवायचं दार तेवढाच वेळ उघडं असतं. सुट्टीच्या दिवशी तो फोन आला तेव्हा 'अरे ते खोटं आहे, गाडीचे पैसे परत घे' एवढं म्हणता आलं असतं.

पुढच्या भेटीत अपेक्षेप्रमाणे गाडी उलट्या दिशेला गेली. मी नालायक आहे, मला नोकरीवरून काढलंच पाहिजे, माझ्या मुलीला असा बाप नको वगैरे. लोकांना वाटतं हा पश्चात्ताप, म्हणजे चांगलं लक्षण. मी विवेकनिष्ठ विचारांच्या शाळेची, म्हणजे अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञांनी 1955 मध्ये सुरू केलेल्या उपचारपद्धतीची, आणि आमच्यात याचे लाड करत नाहीत. वागणं नीच होतं, बरोबर. पण 'मी माणूसच नीच' म्हणलं की परत सगळा सिनेमा माझ्याचभोवती फिरतो आणि पेठचा पोरगा कोपऱ्यात उभा. मी सागरला तेच म्हटलं, तू स्वतःला शिव्या घालतोयस तोवर त्याचं काय काम होतंय? त्याचे पाच हजार शोरूममध्ये अडकलेत का मिळाले, विचारलंस का? नव्हतं विचारलं.

मग माफीचं. तो म्हणला, माफ कर म्हणून मेसेज टाकतो. मी म्हटलं, 'माफ कर' हे व्याकरणात बघ, आज्ञार्थ आहे, समोरच्याला काम लावतं. आधीच त्याला जखम, वर आता त्याने तुला माफ पण करायचं. त्यापेक्षा मी काय केलं ते सांग, पूर्ण, 'आम्ही' न म्हणता, 'पण' न लावता. आणि काही मागू नकोस. आमच्या दोन भेटी फक्त या चार वाक्यांत गेल्या, दर वेळी कुठून तरी 'आम्ही' घुसायचंच. इन्क्वायरीत पण त्याने तसंच लिहून दिलं, वकिलाला विचारून, कारण खोटं पत्र म्हटलं की मामला पोलिसांपर्यंत जाऊ शकतो आणि त्यात माझा सल्ला घेऊ नये. बाकीच्यांची नावं विचारली तेव्हा सांगितली, स्वतःहून यादी दिली नाही.

तुमच्यापैकी कुणी त्या पोराच्या जागी असाल तर, 'तुला मजाक कळत नाही' हे ऐकून स्वतःला तपासत बसू नका. तारीख-वेळ लिहून ठेवा, पत्र, मेसेज, व्हिडिओ जपून ठेवा आणि घरच्या एका माणसाला सांगा. मामा गेटवर आला नसता तर हे प्रकरण चहाच्या कपात विरघळलं असतं.

सागर पेठला गेला तेव्हा एकटाच गेला, बायको येते म्हणत होती तरी. परत आल्यावर मी विचारलं काय झालं. म्हणला, पोरगा शेतात होता, बांधावर उभ्या उभ्याच सगळं ऐकून घेतलं, काही बोलला नाही. आईने पाणी दिलं, चहाचं विचारलं नाही. शोरूमने पैसे परत केले होते. सागर निघायला लागला तेव्हा पोरगा मागून म्हणला, "पेढे 480 चे होते."

सागरने पाचशेची नोट दिली. पोरगा घरात गेला, आईच्या डब्यातून दहाच्या दोन नोटा आणल्या आणि त्याच्या हातावर ठेवल्या.