रेडवुडची राई, बन की देवराई?

कॅलिफोर्नियातलं म्यूर वूड्स हे रेडवुड वृक्षांचं जंगल पाहून आलेल्या एका मैत्रिणीनं विचारलं आहे : 'प्रवासाबद्दल लिहिताना "रेडवुड ग्रोव्ह"पाशी अडले. जंगल म्हटलं तर मोघम वाटतं. देवराई चालेल का? आणि त्या झाडांना गगनचुंबी म्हणू का?'

राई म्हणा. 'रेडवुडची राई', बिनदिक्कत.

राई म्हणजे मोठ्या झाडांची दाटी, जिच्यात शिरलं की उन्हाचे कवडसे तेवढे खाली पोचतात. आमराई, वनराई यांतली राई संस्कृत 'राजि'वरून आली. राजि म्हणजे ओळ, रांग. (फोडणीतली राई 'राजिका'वरून आली, ती वेगळी.) रेडवुडं तर बऱ्याचदा गोल रिंगणात उभी असतात : जुनं झाड पडतं किंवा तोडलं जातं, त्याच्या खुंटाभोवती फुटवे येतात आणि तेच पुढं शेकडो वर्षांचे वृक्ष होतात. मग रांगेचा शब्द रिंगणाला कसा लावायचा? पण आमराईतले आंबे तरी कुठं रांगेत असतात! शब्द मुळापासून केव्हाच पुढं गेला आहे.

'बन' हा शब्दही सुंदर आहे. केतकीचं बन, बाभूळबन, कोकणच्या किनाऱ्यावरचं सुरूचं बन. सुरूचा तर इथं थेट संबंध आहे. हा शब्द फारसी 'सर्व'वरून आला आणि सर्व म्हणजे सायप्रस हे सूचिपर्णी झाड. आपल्या किनाऱ्यावरचं सुरू दिसायला तसं, म्हणून त्याला ते नाव मिळालं. कूळ मात्र वेगळं. रेडवुड खरोखरच सायप्रसच्या कुळातलं आहे! तरीही बन म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं वाऱ्यावर सळसळणारी सडपातळ झाडं येतात. चार माणसांच्या कवेत न मावणाऱ्या बुंध्याला तो शब्द पेलत नाही.

देवराईबद्दल मात्र मी हट्टी आहे. देवराई हे झाडांचं वर्णन नव्हे, तो गावाचा देवाशी असलेला करार आहे. कोकणात हिलाच देवरहाटी म्हणतात. तिथं देवाच्या धाकानं कुऱ्हाड चालत नाही. कित्येक ठिकाणी वाळकी काटकीसुद्धा घरी नेत नाहीत. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तो या रूढीसकट. म्यूर वूड्स राखलं गेलं ते निराळ्या रीतीनं. तिथल्या ओढ्यावर धरण बांधायला एका पाणी कंपनीला ती जमीन हवी होती, तेव्हा मालक विल्यम केंट आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी २९५ एकर सरकारला देऊन टाकली. ९ जानेवारी १९०८ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी तिला राष्ट्रीय स्मारक केलं. हे दातृत्व आणि कायदा यांचं काम आहे. मोठं आहे, पण देवराई नव्हे. तिथल्या 'कथीड्रल ग्रोव्ह'मध्ये शांत राहा अशी पाटी आहे आणि लोक खरंच आवाज खाली आणतात. तेव्हा 'देवराईसारखी शांतता' जरूर लिहा. तो 'सारखी' तेवढा गाळू नका.

गगनचुंबी हा शब्द वर्तमानपत्रांनी इमारतींसाठी इतका वापरला की त्यातून आता सिमेंटच दिसतं. आपल्याकडचा बोलीतला शब्द 'ताडमाड', पण ताड झाला तरी शंभरेक फुटांचा. म्यूर वूड्समधलं सर्वांत उंच झाड २५८ फुटांचं आहे. मी साधं 'उंचच उंच' लिहीन आणि बुंध्याला 'सरळसोट'. याहून मोठं विशेषण नको, जवळून पाहिलेलं लिहा. मी गेलो होतो त्या सकाळी शेंडे धुक्यात होते. मान मागं टाकली तर वरून ठिबकणारं पाणी कपाळावर पडलं, पाऊस नसताना. हात लावला तर तांबूस साल नारळाच्या सोडणासारखी, तंतूंची आणि किंचित दबणारी. 'सोडण' हा शब्द लिहिलात की कोकणातल्या वाचकाच्या बोटांना ती साल लगेच कळेल.

आणि आगीनं कोरलेल्या ज्या पोकळीत तुम्ही उभं राहून फोटो काढला, तिला गुहा म्हणू नका. झाडाची असते ती ढोली.