पोर्टफोलिओ पाहिला, आता थोडं बोलू

चि.,

तुझी जाहिरातींची पोस्टरं आणि रील्स पाहिली. हात चांगला आहे. पण जिची जाहिरात आहे ती वस्तू कोण घेतं आणि घेताना कशाला कचरतं, हे एकाही कामातून कळत नाही. सगळीकडे 'आमचा प्रवास', 'आमचं स्वप्न'. मालकांना ते आवडतं आणि बिलंही निघतात, ते सोड.

तू सांगलीकडची, म्हणून तिथलंच उदाहरण देतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडानं जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता. नांगराच्या कारागिरीचं कितीही कौतुक लिहिलं असतं, तरी ती शंका हलली नसती. पुढे 1910 मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि 1920 मध्ये तिथून 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं. होतं कारखान्याचं पत्रक, पण संपादक शंकरराव किर्लोस्कर चित्रकार होते आणि त्यांना वाचक कळत होता. त्याचंच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं. मग 1930 मध्ये 'स्त्री' आणि 1934 मध्ये 'मनोहर' आलं. 'स्त्री'ची वाचक काही नांगर घ्यायला जाणार नव्हती, तरी कारखान्याचं नाव तिच्या घरात दर महिन्याला पोचत होतं. हल्ली यालाच 'कंटेंट मार्केटिंग' म्हणतात, म्हणजे वाचकाला उपयोगी मजकूर देऊन नाव पोचवणं, आणि त्याचे महागडे कोर्स विकतात. त्याआधी ग्रंथालयात बसून या मासिकांचे जुने अंक चाळ. मालाची जाहिरात कुठे संपते आणि वाचकाच्या कामाचं कुठे सुरू होतं, एवढंच बघत जा.

नोकरीचं म्हणशील तर एजन्सी मोठी की छोटी, याला मी फार महत्त्व देत नाही. मुलाखतीत विचार, 'मला डीलरकडे, दुकानात पाठवाल का?' उत्तरावरून जागा कळते. सुरुवातीला मराठी अ‍ॅडॅप्टेशनच वाट्याला येईल: हिंदी ओळ संध्याकाळी हातात आणि सकाळी मराठी हवी. कर, पण ओळीबरोबर ब्रीफही माग, म्हणजे जाहिरात कोणासाठी आणि कशासाठी आहे ते सांगणारा कागद. ब्रीफ न वाचता केलेली मराठी कशी होते, ते बसथांब्यांवर रोज दिसतंच.

पोर्टफोलिओत तीनच कामं ठेव. प्रत्येकाखाली अर्धं पान लिही: गिऱ्हाइकाची अडचण काय होती, ती तुला कोणी सांगितली, तू काय केलंस, पुढे काय झालं. 'काहीच झालं नाही' असंही चालेल.

आणि 'नंबर वन' लिहायला सांगितलं की आधी त्याच्या पुराव्याचा कागद माग. जाहिरातींवर लक्ष ठेवणारी एएससीआय ही संस्था 1985 पासून आहे. इन्फ्लुएन्सरनं पैसे घेऊन केलेली पोस्ट जाहिरात आहे असं स्पष्ट लिहायला हवं, हा तिचा नियम 2021 मधला. क्लायंट 'सगळेच करतात' म्हणेल. तक्रार आली की मात्र कॉपी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर, कोणी लिहिली, हेच आधी विचारतात.

त्या लोणच्याच्या ब्रँडचं काम परत कर. त्याआधी चार दुकानदारांशी बोल आणि ते बोलणं जसंच्या तसं लिहून पाठव. डिझाइन नंतर बघू.

तुझा,
काका