बल्ब बदलण्याआधी गेलेला बल्ब उजेडात धरून बघा

घरातली यंत्रं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी) : आमच्याकडे एक जुना, उभा व्हॅक्यूम क्लीनर आहे. शेजारच्या आजी घर विकून मुलाकडे राहायला गेल्या तेव्हा जाताना मला देऊन गेल्या. मागे कापडी पिशवी, पुढे धातूचं बोजड तोंड आणि त्यावर दिवा. नाव खरवडून गेलंय. गालिचा असा साफ करतो की नवीन मशीन मी अडगळीत टाकलं. पण दिव्याचा बल्ब टिकत नाही, वर्षभरात तिसरा गेला. बल्बवरची अक्षरं पुसली आहेत. पितळी टोपी, टोपीला समोरासमोर दोन खुंट्या, तळाशी एकच ठिपका, काच अंगठ्याएवढी. नवरा म्हणतो एलईडी लाव. मी डिसेंबरात पुण्याला जाणार आहे. तिथून शिलाई मशीनचा बल्ब आणला तर चालेल? की दिव्याचा नाद सोडून तसाच वापरू?

उत्तर : तसाच वापरू नका, हे सगळ्यात आधी सांगते. तो दिवा शोभेचा नाही. जमिनीपासून चार बोटांवर असल्यामुळे त्याचा उजेड गालिच्यावरून आडवा जातो आणि प्रत्येक कणाची, प्रत्येक केसाची लांब सावली पडते. वरून येणाऱ्या उजेडात स्वच्छ वाटणारा कोपरा या उजेडात खरा दिसतो. त्यातून अमेरिकेतल्या कितीतरी घरांत बसायच्या खोलीला छताचा दिवाच नसतो, कोपऱ्यात एखादा उभा दिवा असतो. सोफ्यामागे आणि पलंगाखाली मग अंधारच.

हे यंत्र मुळात तिकडचंच. ओहायोतल्या कँटन गावात जेम्स मरे स्पँगलर नावाचे एक सफाई कामगार होते. त्यांना दमा होता आणि झाडताना उडणारी धूळ सोसत नव्हती. त्यांनी पंखा, मोटर आणि पिशवी एकत्र करून उभं यंत्र बनवलं आणि १९०८ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. ते पेटंट चामड्याच्या वस्तू बनवणाऱ्या हूवर कुटुंबाकडे गेलं आणि पुढे ते नाव घरोघरी पोचलं. १९३६ साली हेन्री ड्रेफस यांनी हूवरसाठी १५० नंबरचं मॉडेल घडवलं, तोपर्यंत पुढचा दिवा अशा यंत्रांच्या अंगात मुरला होता. झाडणाऱ्याच्या डोळ्यांचा विचार करून दिलेला भाग आहे तो. मला त्याबद्दल फार आदर वाटतो.

आता तुमचा बल्ब. तुम्ही वर्णन इतकं नेमकं केलंय की अक्षरांची गरजच नाही. दुकानात '१५ टी ७ एस सी' असं सांगा. १५ म्हणजे वॅट. टी म्हणजे नळीसारखा आकार. ७ म्हणजे काचेच्या नळीचा व्यास एक अष्टमांश इंचाच्या सात पट, म्हणजे साधारण २२ मिलिमीटर. एस सी म्हणजे तळाशी एकच ठिपका. शेवटी डी सी असलेलाही बल्ब मिळतो, त्याच्या तळाशी दोन ठिपके असतात आणि तो बऱ्याच शिलाई मशीनना लागतो. टोपी दोघांची १५ मिलिमीटरचीच, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. पाकिटावर १२० व्होल्ट आणि १३० व्होल्ट असे दोन प्रकार दिसतील. १३० चा घ्या. १२० वर तो जरा मंद जळतो, उजेड साधारण पाव भागाने कमी होतो, पण आयुष्य दुपटीहून जास्त वाढतं. तुमच्यासारख्या बल्ब खाणाऱ्या यंत्राला हाच सौदा बरा.

मात्र नवीन लावायच्या आधी गेलेला बल्ब उजेडात धरून नीट बघा. टाकून दिला असेल तर कचऱ्यातून काढा. मिरजेत वडिलांच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात मी हे काम शिकले. जळालेली कॉइल आली की वडील तारेला हात लावायच्या आधी ती कशी जळलीय ते बघायचे. एकाच बाजूला की सगळीकडे, वरून की आतून. गेलेल्या बल्बचंही तसंच आहे. काच आतून काळपट किंवा आरशासारखी झाली असेल, तर तो आयुष्य भरून गेला. काच आतून दुधाळ, पांढरट झाली असेल, तर कुठून तरी हवा आत शिरली. म्हणजे काचेला तडा किंवा टोपीपाशी सांधा सुटलेला. आणि काच लख्ख आहे, आत तार मधेच तुटून लोंबतेय, असं दिसलं तर बल्बला कोणीतरी हादरवून मारलंय. वर्षात तीन गेले म्हणता, तेव्हा माझी खात्री आहे की तुम्हाला हे तिसरंच दिसेल.

तापलेली तार नरम असते, थंड तार ठिसूळ. दोन्ही अवस्थांत तिला हादरे सोसत नाहीत. मग हादरे येतात कुठून ते शोधायचं. प्लग काढा, यंत्र आडवं करा, तळाचं झाकण उघडा. आत लाकडी किंवा धातूचा ब्रशचा रूळ आणि त्याला फिरवणारा रबरी पट्टा दिसेल. पट्टा रुळावरून काढून ठेवा, झाकण लावा, यंत्र उभं करून चालू करा आणि दांड्यावर तळहात ठेवा. थरथर थांबली असेल तर दोष रुळात आहे. दोन्ही टोकांना केस आणि दोरे घट्ट गुंडाळले जातात आणि तिथली बेअरिंग कोरडी पडून खिळखिळी होतात. लांब केसांच्या घरात हे होणारच. कात्रीने रुळाच्या लांबीत केस कापून काढा, टोकाच्या टोप्या उघडून साफ करा. रूळ बोटाने फिरवला की आवाज न करता गरगर फिरला पाहिजे. खरखरला तर नवीन रूळ घ्या.

पट्टा काढूनही थरथर तशीच असेल तर पंखा बघावा लागेल. तुमच्या यंत्रासारख्या जुन्या उभ्या क्लीनरमध्ये कचरा आधी पंख्यातून जातो आणि मग पिशवीत. नाणं, स्क्रू, मुलांच्या खेळण्यातला तुकडा आत गेला की सरळ पंख्याच्या पात्यावर आपटतो. पात्याचा टवका उडाला की पंख्याचा तोल गेला, आणि तो पंखा मिनिटाला हजारो फेरे घेत असतो. अशा पंख्यासमोर जगात कुठलाही बल्ब टिकायचा नाही. आणि नुकसान बल्बपाशी थांबत नाही, मागोमाग मोटरचे बेअरिंग जातात. म्हणून कळकळीने सांगते, चौथा बल्ब आणण्याआधी एक शनिवार यासाठी काढा. पंखा बदलायचं काम स्वतः जमेल असं वाटत नसेल तर शिलाई मशीन आणि व्हॅक्यूम दुरुस्त करणारं जुनं दुकान गाठा, अमेरिकेतल्या बऱ्याच गावांत अजून एखादं असतं.

बल्ब बदलणं त्यामानाने सोपं. प्लग भिंतीतून काढलेला हवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. बल्ब थंड होऊ द्या. दिव्यापुढची काच किंवा तोंडावरचं झाकण एक-दोन स्क्रूंवर असतं, स्क्रू वाटीत ठेवा. नंतर बल्ब आत दाबायचा, थोडा डावीकडे फिरवायचा आणि सोडायचा. अमेरिकेतले घरचे बल्ब पेचाचे, त्यामुळे तिथली माणसं या बल्बलाही नुसती पिळत बसतात आणि काच टोपीतून सुटते. आपण लहानपणापासून पिनचे बल्ब लावत आलोय, तुमच्या हाताला हे आपोआप येईल. अडकून बसला असेल तर जाड हातमोजा घाला. काच फुटलीच, तर टोपीची कड बारीक तोंडाच्या पकडीने धरून दाबून फिरवा. बल्ब निघाल्यावर होल्डरच्या तळाची पितळी पत्री बघा. काळी पडली असेल तर पेन्सिलच्या खोडरबराने घासा. ती दाबली की परत वर आली पाहिजे. दबूनच राहिली तर बल्ब सैल बसतो, फडफडतो आणि लवकर जातो.

होल्डरकडे येणाऱ्या तारा बोटाने हलकेच वाकवून बघा. जुन्या यंत्रांत तारांवर रबर असतं, वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते बिस्किटासारखं कडक होतं. रबराचे तुकडे पडत असतील तर बल्ब राहू द्या, आधी तारा बदलून घ्या. धातूचं अंग आणि दोन पिनांचा प्लग असलेल्या यंत्रात उघडी तार म्हणजे जिवाशी खेळ.

नवीन बल्ब लावूनही उजेड नाही, असं झालं तर मल्टिमीटर काढा. १५ वॅटचा चांगला बल्ब थंड असताना ८० ओमच्या आसपास दाखवतो. बल्ब ठीक असेल तर तार तुटलीय, आणि ती बहुधा दांडा जिथे मागेपुढे झुकतो त्या सांध्यात तुटते, कारण दिवसाचा सगळा वाक तिथेच पडतो.

पुण्याच्या बल्बचं विचारलंत. आणू नका. तिथला बल्ब २३० व्होल्टचा. टोपी बसली तरी १२० वर तो जेमतेम लाल होईल, उजेड दहाव्या भागावर येईल. याहून महत्त्वाची गोष्ट उलट दिशेची आहे. मोटारीच्या इंडिकेटरच्या एका तारेच्या १२ व्होल्ट बल्बलाही हीच १५ मिलिमीटरची टोपी असते. तो तुमच्या होल्डरमध्ये अगदी छान बसेल आणि बटण दाबताच फुटेल. गॅरेजच्या खणातला, दिसायला तसाच असलेला बल्ब घेऊन नवरा उत्साहाने आला तर त्याला थांबवा. आणि २५ वॅटचा मिळतोय म्हणून जास्त उजेडाच्या लोभाने तोही लावू नका. एवढ्याशा बंद जागेत तेवढी उष्णता दिव्यापुढच्या प्लॅस्टिकला वाकवते, आणि तो जुना भाग परत मिळत नाही.

एलईडीबद्दल नवऱ्याचं म्हणणं तुमच्या यंत्रापुरतं चुकीचं नाही. त्यात तारच नसते, त्यामुळे हादऱ्याने तुटायला काही नाही, आणि गरमही कमी होतो. १२० व्होल्टचा, याच टोपीचा, सव्वादोन इंचांहून लांब नसलेला मिळाला तर लावा. माझा आक्षेप एवढाच की तो लावला की बल्ब जाणं थांबेल आणि थरथर मात्र चालूच राहील. तुम्हाला ती सांगणारं कोणी उरणार नाही. आधी थरथर काढा, मग हवा तो बल्ब लावा.

याच विषयावर ज्यांच्याकडे थोडी अलीकडची यंत्रं आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट. तुमचा बल्ब बिनटोपीचा, काचेचाच चपटा तळ असलेला आणि अंगावर ९०६ किंवा ९१२ असा आकडा असलेला असेल, तर तो १३ व्होल्टच्या आसपासचा आहे. अशा काही यंत्रांत ते कमी व्होल्टेज मोटरच्या फील्ड कॉइलमधूनच, म्हणजे न फिरणाऱ्या गुंडाळीतूनच, एक तार काढून घेतलेलं असतं. त्यामुळे मोटर जितका करंट ओढेल तितका दिवा तेजाळतो. ब्रशात चिंधी अडकली, मोटर दमली की दिवा भगभगतो आणि कधी तिथेच जातो. उलट पिशवी भरली किंवा नळी तुंबली की मोटर हलकी होऊन जोरात पळते आणि दिवा मंदावतो. मिक्सरची मोटर याच जातीची असते, चटणी घट्ट झाली की तिचाही आवाज खाली येतो ना, करंट तेव्हाच वाढलेला असतो. अशा यंत्रात ९०६ च्या जागी ९०६ च लावा. ९२१ त्याच जागी बसतो, पण करंट दुपटीने घेतो. मोटारीसाठी विकले जाणारे एलईडीही इथे नकोत. सुरू होताना मोटर जो झटका देते तो त्यांना झेपत नाही.

प्रश्न (एक वाचक, कोथरूड, पुणे) : अमेरिकेतून परत येताना आमचा उभा व्हॅक्यूम क्लीनर घेऊन आलो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालतो. मोटर ठीक वाटते, पण पुढचा दिवा मिणमिणतो. बल्ब नवीन, तिकडूनच आणलेला. ५० हर्ट्झमुळे होतंय का?

उत्तर : नाही. बल्बला हर्ट्झशी देणंघेणं नाही, आणि या कार्बन ब्रशच्या मोटरलाही नाही. तुमचा ट्रान्सफॉर्मर लहान पडतोय. यंत्राच्या पाटीवर १२ अँपिअर लिहिलं असेल तर १२० व्होल्टला ते १,४४० वॅट होतात, म्हणजे ट्रान्सफॉर्मर निदान २,००० व्हीएचा (व्होल्ट गुणिले अँपिअर) हवा. यंत्र चालू असताना त्याच्या बाहेरच्या बाजूचं व्होल्टेज इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. १०० च्या आसपास आलं तर उजेड जवळजवळ निम्मा होतो, तुम्हाला दिसतंय ते हेच. शिवाय बल्बच्या पाकिटावर १३० लिहिलंय का ते बघा. वरच्या ताईंना मी तो घ्यायला सांगितला, तुम्ही मात्र १२० चाच घ्या, कारण चांगला ट्रान्सफॉर्मरही बहुधा ११० च देतो. आणि बल्ब बदलताना ट्रान्सफॉर्मरचाच प्लग भिंतीतून काढा. बाजारातले पुष्कळ स्वस्त स्टेप-डाउन ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतात, त्यांत आतली आणि बाहेरची बाजू एकाच गुंडाळीने जोडलेली असते, त्यामुळे ११० च्या बाजूलाही २३० चा धक्का बसू शकतो.