ज्येष्ठ वकिलांना पत्र लिहिताना

प्रश्न : आमचं अपील उच्च न्यायालयात आहे. आमच्या वकिलांनी युक्तिवादासाठी सीनिअर अ‍ॅडव्होकेट ठरवले आहेत. त्यांना मी थेट पत्र लिहू का?

उत्तर : नको. ‘सीनिअर अ‍ॅडव्होकेट’ म्हणजे ज्येष्ठ अधिवक्ता, हा वयाचा मान नव्हे. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१च्या कलम १६ नुसार सर्वोच्च किंवा उच्च न्यायालय हा दर्जा देतं आणि त्याबरोबर बंधनंही येतात. त्यांना वकीलपत्र दाखल करता येत नाही. पक्षकाराकडून थेट ब्रीफ (खटल्याचे कागद) किंवा सूचनाही घेता येत नाहीत. म्हणजे तुमचं पत्र कितीही अदबीचं असलं, तरी ते त्यांना अडचणीतच टाकणार. त्यापेक्षा तारीखवार घटनाक्रम आणि तुम्हाला खटकणारे मुद्दे दोन पानांत लिहून आपल्या वकिलांकडे द्या. फीचं बोलणंही त्यांच्यामार्फतच. निकालानंतर आभाराच्या चार ओळी थेट पाठवल्या तर बिघडत नाही. पण त्यात ‘जाता जाता एक शंका’ नको.

प्रश्न : मायना काय असावा? भाऊ म्हणतो, ‘परमआदरणीय, विद्वान अ‍ॅड. श्री. अमुक साहेब’ असं लिही.

उत्तर : भावाला आवरा! पाकिटावर ‘मा. अ‍ॅड.’, मग पूर्ण नाव आणि खाली ‘ज्येष्ठ अधिवक्ता’. ‘अ‍ॅड.’ असताना ‘श्री.’ कशाला? आत ‘महोदय’ किंवा ‘स. न. वि. वि.’. रीतसर दर्जा मिळालेला नसेल, तर वकिलीत केस पांढरे झालेल्यांनाही ‘ज्येष्ठ अधिवक्ता’ लिहू नये. ती पदवी आहे, कौतुक नव्हे.

प्रश्न : वकील स्त्री असल्यास ‘सौ.’ की ‘श्रीमती’?

उत्तर : दोन्ही नको, ‘अ‍ॅड.’ पुरे. मायन्यात ‘महोदया’.

प्रश्न : आमचे ज्येष्ठ वकील पूर्वी न्यायाधीश होते. पाकिटावर तसं लिहावं?

उत्तर : वकिली करत असतील तर नको. आपण न्यायाधीश किंवा महाधिवक्ता होतो, असं वकिलाने पाटीवर वा लेटरहेडवर लिहू नये, असा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेचा, नियमच आहे. त्यांनी जे लिहायचं नाही, ते आपण तरी का लिहावं?

प्रश्न : समोरच्या पक्षातर्फे एका जुन्याजाणत्या वकिलांची नोटीस आली आहे. मान राखून मीच उत्तर लिहिलं तर?

उत्तर : इथे मानापेक्षा सावधपणा मोठा. आपल्या वकिलाला विश्वासाने सांगितलेल्या गोष्टींना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३च्या कलम १३२चं संरक्षण आहे. समोरच्या वकिलाला लिहिलेल्या पत्राला ते नाही. ‘पैसे द्यायला उशीर झाला, क्षमस्व’ हे तुम्ही सौजन्याने लिहाल आणि कोर्टात ते कबुली म्हणून वाचलं जाईल. लिहायचंच झालं तर एवढंच : ‘आपली नोटीस अमुक तारखेस मिळाली. माझे वकील उत्तर देतील.’ खाली ‘आपला विश्वासू’ आणि सही.