वाचकांचे प्रश्न : 20 पडल्यावर इजा किती?

प्रश्न : कंधारच्या किल्ल्यावर बेतलेल्या आमच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाच्या मोहिमेत हल्ल्याच्या वीस बाजूंच्या फाशावर 20 पडले, की काही गडी सगळी इजा दुप्पट धरतात, काही नाही. योग्य काय?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : 2014 च्या पाचव्या आवृत्तीनुसार दुप्पट होतात ते फक्त इजेचे फासे, ताकदीची भर, म्हणजे पात्राच्या ताकदीनुसार इजेत मिळवायचा आकडा, एकदाच मिळते. लांब तलवारीचा आठ बाजूंचा फासा दोनदा टाकला, 6 आणि 4 पडले व भर 3 असली, तर इजा 13 होते. समोरचा बार्बेरियन (रानटी योद्धा) संतापाच्या अवस्थेत असेल, तर त्याच्या प्रतिकारामुळे ती निम्मी होते. मात्र निम्मे करणे सगळी बेरीज झाल्यानंतरच करायचे असून अपूर्णांक सोडून द्यायचा असल्याने त्याच्या वाट्याला 6 येतात. बहुतेक वाद इथेच होतात. असा प्रतिकार दोन कारणांनी मिळाला, तरी इजा एकदाच निम्मी होते. सांगाड्यांवर गदा चालवावी, कारण बोथट माराची इजा त्यांना दुप्पट होते.

संपूर्ण बेरीज दुप्पट करण्याचा घरगुती नियम मला मुळीच पटत नाही : 20 राक्षसांनाही पडते, आणि पहिल्या पातळीवरची पात्रे त्यात हकनाक मरतात.